राक्षसाला डोमिसाइल मागणाऱ्या काकांना

आमच्या पॉकेटातल्या एका काकांनी आमच्या शनिवारच्या खेळावर दोन पानांचं टिपण लिहून दिल्लीच्या मयूर विहारातल्या ओळखीच्या मराठी घरांत वाटलं आहे. टिपण सभ्य आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे. काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारात गेली, त्यामुळे मुद्द्यांना क्रमांकही आहेत. पण त्यातला एकही मुद्दा मला पटलेला नाही, आणि घरोघर गेलेल्या कागदाला जिन्यात गाठून उत्तर देणं बरं दिसत नाही. म्हणून हे लिहून देते.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. त्याची ताकद, अक्कल, सामानसुमान कागदावर मांडलेलं असतं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, वाटेत काय आडवं आलं ते सांगतो आणि विचारतो, बोला, काय करता? जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली बाजारात आला, तेव्हापासून या प्रकाराचा गाभा तोच आहे. आमच्याकडे डीएम मी असते. त्यामुळे वाटेत काय आडवं यायचं याचं पाप माझ्या माथी.

काकांचं म्हणणं असं: आपल्याकडे पुराणांचा एवढा साठा असताना आपल्या मुलांनी परदेशी राक्षसांशी झुंजावं ही मनाची गुलामी. राक्षस हवेच असतील तर रावण, महिषासुर यांच्यासारखे भव्य घ्या. हडळ, मुंजा, गिऱ्हा असली कोकणातली भुतं मात्र नकोत, ती अंधश्रद्धा. आणि एवढं सगळं बजावून झाल्यावर शेवटची ओळ: अर्थात, ही ज्याच्या-त्याच्या आवडीची बाब आहे.

या शेवटच्या ओळीचाच मला सगळ्यात जास्त राग आला. दोन पानं भरून दुसऱ्याची आवड चूक ठरवायची आणि मग आवडीचा पडदा ओढून घ्यायचा! आवड आहे म्हणूनच तर वाद घालता येतो. कोणत्या घराण्याचं गाणं सरस यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, मैत्र्या तुटल्या. 'ज्याची त्याची आवड' म्हणून कुणी उठून गेलं नाही. राक्षसांच्या बाबतीतही बरं-वाईट ठरवता येतं. माझा निकष मी उघड सांगते. ज्याच्यासमोर तलवार उपसण्याआधी खेळणाऱ्यांना थांबून विचार करावा लागतो, तो राक्षस चांगला. नुसता जास्त मार खाऊ शकतो आणि जास्त मारू शकतो, तो कंटाळवाणा. मग तो लंकेचा असो की लंडनचा.

काकांनी ज्याची 'गंजखाऊ किडा' म्हणून थट्टा केली तो रस्ट मॉन्स्टर घ्या. गायगॅक्सला हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांची एक पिशवी मिळाली होती. डायनोसॉर म्हणून विकली जाणारी, पण कुठल्याच डायनोसॉरशी न जुळणारी ती ध्यानं. त्यांतल्याच एकाचा पुढे रस्ट मॉन्स्टर झाला, आणि त्या ढिगातूनच आउलबेअर आणि बुलेट हे राक्षसही निघाले. म्हणजे ज्याला काका पाश्चात्य संस्कृतीचं आक्रमण म्हणतात, त्याचं मूळ आठवडी बाजारात चादरीवर मांडलेल्या मालात आहे. आता त्याचा स्वभाव पाहा. हा प्राणी माणसाला जवळजवळ काहीच करत नाही. त्याची मिशी लागली की लोखंड गंजून झडतं, आणि तो ते खातो. चिलखत घालून फुशारकी मारणारा योद्धा त्याला पाहून पळतो, आणि काठी टेकत चालणारा जादूगार निवांत उभा राहतो. एका क्षणात टेबलावरची सगळी उतरंड उलटी होते. कुणी म्हणतं, त्याच्यापुढे खिळे टाका. कुणी चिलखत उतरवून उघड्या अंगाने पुढे जातो. दरवेळी नवं काहीतरी निघतं. महिषासुराशी लढताना यांतलं काय होईल, काकांनीच सांगावं.

किंवा जिलेटिनस क्यूब. दहा फूट बाजूचा, पारदर्शक, थलथलीत ठोकळा. तळघराच्या बोळातून सरकत जातो आणि वाटेतलं सगळं गिळतो. दहाच फूट का? तर त्या काळचे डीएम आलेख-कागदावर नकाशे काढत आणि एक चौकोन दहा फुटांचा धरत. कुठल्याही पुराणात नाही, कुठल्याही देशाचा नाही, आलेख-कागदाच्या पोटी जन्मलेला राक्षस. मला तो अतिशय प्रिय आहे.

काकांनी एक पुरावा मोठ्या अभिमानाने दिला आहे: त्या परदेशी पुस्तकांतही आपला 'राक्षस' मानाने विराजमान आहे. विराजमान आहे खरा. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधलं डेव्हिड ट्रॅम्पिअरचं चित्र काकांनी पाहावं. वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, हातात पाइप, एखाद्या क्लबात बसल्यासारखा. पुढे पुढे त्याचे तळहातही उलटे झाले. आशीर्वाद दिलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. हे वाल्मीकीत कुठे आहे? कुठेच नाही. ते आलं १९७४ च्या 'कोल्चॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागातून, ज्यात शिकागोत एक राक्षस वृद्धांना खात फिरतो. गायगॅक्सने तो भाग पाहिला आणि राक्षस खेळात आला. आता यातला भारतीय कोण आणि परदेशी कोण? गंमत अशी की राक्षस म्हणून तो मुळीच वाईट नाही. तुमच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन येतो, त्यामुळे खेळणारे एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात. म्हणजे माझ्या निकषावर पास, काकांच्या निकषावर नापास. आणि त्यांनी त्याचाच दाखला दिला!

१९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्र, यम, विष्णू होते हेही काका सांगतात. होते, त्यांच्यापुढे हिट पॉइंटही, म्हणजे किती मार सोसून ते टिकतील तो आकडाही छापला होता. हिट पॉइंट छापले म्हणजे ते शून्यावर आणता येतात. परदेशी पुस्तकात आपलं नाव दिसल्याचा आनंद इतका मोठा असतो का, की त्या नावापुढचा आकडा दिसतच नाही?

पुराणांचं म्हणाल तर काकांपेक्षा माझं प्रेम तसूभरही कमी नाही. फक्त त्यांनी त्या कोठारातून चुकीचा माल उचलला. दहा डोकी, वीस हात, पुष्पक विमान: ही सगळी आकड्यांची भव्यता. रावण गोष्टीत मोठा आहे, कारण तो विद्वान आहे, गर्विष्ठ आहे, त्याला भाऊ-बायको-मुलं आहेत. त्याला टेबलावर आणलं की यांतलं सगळं गळून पडतं आणि उरते ती चार तास चालणारी वजाबाकी. त्यापेक्षा जरासंध घ्या. मधोमध चिरला तरी दोन्ही अर्धुकं पुन्हा जुळतात. भीम फाडून फाडून थकतो, आणि मग कृष्ण काडी उभी चिरून दोन तुकडे उलट्या दिशांना टाकतो. हा अस्सल खेळातला क्षण आहे: ताकद असलेला एक, युक्ती सुचलेला दुसरा, आणि बोलायची सोय नाही म्हणून खूण. रक्तबीज घ्या. जितके वार कराल तितके शत्रू वाढतील. शूराचं शौर्यच त्याच्यावर उलटतं. भस्मासुराला मारायला नाच यावा लागतो. आपल्या पुराणकारांना वरदानातली फट शोधण्याचं जे वेड होतं, त्याच्या जवळपास जाणारं मला फार थोडं दिसलं आहे. आणि रक्तबीजाची युक्ती ग्रीकांच्या हायड्रालाही बरीचशी लागू पडते: एक डोकं छाटलं की दोन उगवतात, म्हणून जखम डागावी लागते. चांगल्या राक्षसांचं गोत्र असं देशांवरून ठरत नाही.

आता कोकणातली भुतं. इथे मी रेंगाळणार आहे, कारण इथेच काका सगळ्यात जास्त चुकले आहेत, आणि तेही स्वतः वेंगुर्ल्याकडचे असून.

या भुतांना हिट पॉइंट नसतात. त्यांना जागा असते, अट असते आणि मागणी असते. मुंजा पिंपळावर, त्या झाडाच्या सावलीबाहेर त्याचं फारसं चालत नाही. आसरा पाण्याच्या, त्यांना खण-नारळ पोचला पाहिजे. देवचार गावाच्या शिवेचा. त्याला त्याचा वाटा मिळाला की तो राखण करतो, नाही मिळाला की अडवतो. चकवा तर दिसतही नाही. तो फक्त वाट फिरवतो, तुम्ही रात्रभर त्याच त्या बांधावर येत राहता, आणि उपाय एकच: जागच्या जागी बसून राहा, उजाडेपर्यंत. कुठल्याही टेबलावर 'बसून राहतो' म्हणणं खेळणाऱ्यांना किती जड जातं हे डीएम झाल्याशिवाय कळत नाही. फासे हातात असतात, तलवार कागदावर असते, आणि जिंकायचं ते काहीही न करता! चकव्याच्या सेशनला आमचा गट आपसात इतका भांडला की खालच्या मजल्यावरून फोन आला.

आणि वेताळ. 'चांदोबा'त चित्रकार शंकर यांनी काढलेलं चित्र ज्यांनी लहानपणी पाहिलं त्यांना मी आणखी काय सांगणार: राजाच्या खांद्यावर प्रेत, हातात नंगी तलवार, आणि ती तलवार वेताळापुढे निरुपयोगी. बोललास तर मी परत झाडावर; उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं. दोन्ही बाजूंनी कोंडी करणारी इतकी घट्ट अट मला दुसऱ्या कुठल्याही राक्षसात सापडलेली नाही. तोच वेताळ आरवलीला वेतोबा होऊन बसला, रात्री गावाची गस्त घालतो, आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. भुतांचा राजा आणि गावाचा रखवालदार एकच. त्याला मारायचं की त्याला वहाणा द्यायच्या? काका, तुमच्या गावापासून ही जागा किती लांब आहे हो?

बरं, ही भुतं शुद्ध देशी मार्गाने माझ्यापर्यंत आली असंही नाही. कोकणातल्या भुतांची जी जुनी छापील यादी हाताशी आहे ती १९१५ सालची, आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेली, आणि तिचा कच्चा माल ए. एम. टी. जॅक्सनने जमवलेला. होय, १९०९ मध्ये नाशकात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातलेला तोच कलेक्टर जॅक्सन. माहिती पुरवली ती गावोगावच्या मराठी शाळामास्तरांनी. मास्तरांनी आपल्या गावच्या भुतांची खानेसुमारी करून सरकारदरबारी पाठवली, साहेबाने ती इंग्रजीत छापली, आणि शंभर वर्षांनी दिल्लीत एक बाई ती वाचून फासे टाकते. यातून काकांनी शुद्ध परंपरा वेगळी काढून दाखवावी.

मात्र 'आपलं ते चांगलं' या म्हणण्याला माझा खरा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे. आपल्या भुतांकडे नीट पाहिलं की लक्षात येतं, ही आपलीच माणसं आहेत. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा ओली बाळंतीण असताना मेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजेआधी गेलेला मुलगा. ब्रह्मसमंध कोण होतो, खवीस कोण होतो, यात जात आणि धर्म स्पष्ट लिहिलेला असतो. बऱ्याच ठिकाणी खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत. जिवंतपणी ज्याची भीती किंवा ज्याच्याविषयी अपराधी वाटे, त्यालाच मेल्यावर झाडावर बसवलं. म्हणून देशी राक्षस घेतला की हात स्वच्छ राहिले असं होत नाही. उलट जास्त जपावं लागतं. हडळीला मी टेबलावर आणते, पण तिला कापून काढायचं आणि तिच्या पेटीतलं सोनं वाटून घ्यायचं असा खेळ मी चालवत नाही. तिची मागणी असते, ती शोधावी लागते. कधी ती मागणी तिच्या सासरच्यांविरुद्ध असते, आणि मग खेळणाऱ्यांना ठरवावं लागतं की नेमकं कुणाशी लढायचं. डाकीण मात्र मी कधीच आणणार नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, डाकीण ठरवून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे, खून झाले आहेत. तो राक्षस नाही, तो आरोप आहे. या खेळाच्या परदेशी प्रकाशकांनाही २०२० च्या सुमारास ऑर्क या संपूर्ण जमातीला जन्मतःच दुष्ट ठरवण्याबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं, ते याच कारणाने.

इथे काका म्हणतील, पाहा, शेवटी अंधश्रद्धेवरच आलात. नाही आले. अंधश्रद्धेचा राक्षस कसा असतो हे पाहायला मयूर विहारातून कोकणात जावं लागत नाही. मे २००१ आठवा. काका तेव्हा इथेच होते. गाझियाबादेतून सुरू झालेला काळा बंदर यमुनेच्या या बाजूच्या पूर्व दिल्लीत पसरला. उकाडा, वीज गेलेली, माणसं गच्चीवर झोपलेली. कुणाला तो चार फुटांचा दिसला, कुणाला त्याहून मोठा. कुणी लोखंडी नखं पाहिली, कुणी लाल डोळे, कुणी डोक्यावर हेल्मेट आणि छातीवर बटणं. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, पन्नास हजारांचं इनाम लावलं. माकड सापडलं नाही. पण त्याच्या भीतीने गच्चीवरून उड्या घेऊन, जिन्यावरून कोसळून माणसं खरोखर मेली. शेवटी तो सामूहिक भ्रमाचा प्रकार ठरला.

त्या राक्षसाला जागा नव्हती, अट नव्हती, मागणी नव्हती. तो कुठेही येऊ शकत होता आणि कसाही दिसू शकत होता, म्हणूनच त्याच्यापुढे विचार चालेना. माझ्या टेबलावर नेमकं याच्या उलट घडतं. तिथे बारा वर्षांची मुलगी विचारते, गिऱ्हा पाण्याबाहेर किती पावलं येऊ शकतो? कुणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? अंधश्रद्धा निर्मूलनाची शिबिरं मला आदरणीय आहेत, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राला दाभोलकरांच्या खुनानंतरच मिळाला हे मी विसरलेले नाही. पण भुताची उलटतपासणी घेणारी पोरं पाहून त्या चळवळीतल्या कुणाला वाईट वाटेल असं मला वाटत नाही.

राहिला डोमिसाइलचा प्रश्न. काका विचारतात, यमुनेत गिऱ्हा कुठून आला? तो कोकणातल्या पाण्यातला. मी त्याला यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराचं पाणी चढतं त्या काठावर बसवला, हे खरं. २०२३ च्या जुलैत यमुना २०८ मीटरच्या वर गेली आणि खादरातली शेतकरी कुटुंबं मयूर विहारच्या रस्त्याकडेला ताडपत्र्यांखाली येऊन राहिली. त्यानंतरच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक शनिवार चालणाऱ्या सलग गोष्टीत, पाणी ओसरल्यावर काय मागे राहिलं हा प्रश्न आपोआपच आला. गिऱ्ह्याची लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी की त्याचा केस तुमच्या हाती लागला तर तो तुमचा चाकर होतो, आणि रात्रंदिवस तो केस परत मिळवायच्या खटपटीत राहतो. ही अट यमुनेतही तितकीच चालते. आता तो इथे कसा आला? काका जसे आले तसा. बदलीवर.

आणि हे फक्त टेबलावरच चालतं असं नाही. २०१८ चा 'तुंबाड' पाहून काकांनीच मला सांगितलं होतं की 'हे आपलं अस्सल कोकणी भय'. तो हस्तर कुठल्याही पुराणात नाही. तो सिनेमासाठी रचलेला आहे, आणि त्याचं नाव ऐकून अमेरिकन भयकथांतला हॅस्टर आठवल्याशिवाय राहत नाही. त्यातली आजी नारायण धारपांच्या कथेतून आली, आणि धारपांची ती कथा स्टीफन किंगच्या एका कथेवर बेतलेली. तरी सिनेमा अस्सल वाटतो, कारण हस्तरला नियम आहेत: पिठाची बाहुली, पिठाचं रिंगण, तो खाईपर्यंत नाणी उचलायची, आणि हाव धरून बाहुल्या जास्त नेल्या तर तोही जास्त होऊन येतो. पावसाने आणि वाड्याने त्याला कोकणी केलं, नियमांनी त्याला राक्षस केलं. त्याच्याकडे डोमिसाइल मागितलं असतं तर काकांच्या आवडीचा सिनेमा निघालाच नसता.

टिपणाच्या शेवटी काकांनी पुढच्या कॅम्पेनमधल्या राक्षसांची यादी आगाऊ मागितली आहे. देते. रस्ट मॉन्स्टर असेल. जरासंध असेल, पण नाव बदलून, कारण मुलांना काडीची गोष्ट पाठ आहे. वाघतोंड्या राक्षसही असेल, त्याचा पाइप मात्र मी काढून घेणार आहे. रावण नसेल. ड्रॅगनही नसेल. बाकी सगळे त्याच्यावर का फिदा असतात हे मला कळत नाही. खजिन्यावर पसरलेला, कुणाला काही न विचारणारा तो लठ्ठ सरडा मला रावणाइतकाच कंटाळवाणा वाटतो, आणि यावर माझ्या टेबलावरची पोरं माझ्याशी भांडतात. वेताळ असेल. गिऱ्हा असेल, आणि त्याचा आवाज काढायला कुणी तरी हवं आहे. माझी मालवणी काकांइतकी चांगली नाही. शनिवारी सहा वाजता, आमच्याकडे. चहा होईल.